झाकणावरचा टिळा

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सडक अर्जुनीच्या आमच्या दुकानात खताची पोती उतरवून घेत होते. फोन मामेभावाचा, सुधाकरचा होता. पोती उतरली, शटर ओढलं आणि मामांचं गाव, मुर्री, गाठलं. तिथे कामं होती. रडायला बाकीचे होते.

मामा जुने ग्रामोफोन दुरुस्त करायचे. आमच्याकडे त्याला चावीचा बाजा म्हणतात. नियम एकच : आतली स्प्रिंग बदलायची, तेल घालायचं, बाहेरून हात लावायचा नाही. गिऱ्हाईक म्हणे, "मामाजी, थोडा चमका दो." मामा म्हणत, "चमकवाचा असन त नवाच घे ना, भाऊ." मला हा निव्वळ हट्ट वाटे. भोंग्याला पोचे, लाकडाचा रंग उडालेला... वस्तू वापरायची तर नीटनेटकी नको का?

त्यांच्या स्वतःच्या बाज्याच्या झाकणावर हळदकुंकवाचा जाड थर होता. मामी दर दसऱ्याला अवजारांबरोबर त्यालाही टिळा लावायची आणि जुना कधी पुसायची नाही. ती गेली, थर राहिला.

मग वडिलांना खूश करायला सुधाकरने तो बाजा गुपचूप नागपूरला नेला. परत आला तो आरशासारखा. लाकूड घासून पॉलिश केलेलं, भोंगा सोनेरी. "छान झाला, बेटा," मामा म्हणाले. सुधाकर चहा सांगायला आत गेला तसे मला हळूच म्हणाले, "बाजा त वाजून राहिला. पण तुझ्या मामीले घासून काढलं ना त्यानं."

"मग सांगा त्याला."

"कायले? पोरानं हौसेनं केलं. तू बी सांगू नोको."

मी सांगितलं नाही. पुढच्या दसऱ्यापासून मामा त्याच जागी स्वतः टिळा लावू लागले आणि डाग पडेल म्हणून सुधाकर दुसऱ्या दिवशी तो पुसू लागला. दोघंही जीव लावून. एका वाक्याचं काम होतं... ते राहूनच गेलं.

यंदा दसऱ्याला मामा अंथरुणावर होते. मी बाजा जवळ आणला, त्यांचा हात धरला, त्यांनी बोट टेकवलं. नंतरच्या धावपळीत तो टिळा पुसायचा राहिला. तेरवीच्या आधी घर आवरताना सुधाकर फडकं घेऊन बाज्यापाशी आला.

"पुसू नको," मी म्हटलं.

"काऊन? डाग पडन ना, ताई."

"पडू दे."

तो थांबला, झाकणाकडे बघत राहिला. त्या घरात कोणी विचारत नाही. फडकं खांद्यावर टाकून तो खिडक्या पुसायला गेला.

टिळा अजून आहे. एकटाच, आणि त्याच्याखाली सगळं पॉलिश.