जिवंत मातीचा नमुना
परवा गोठ्यामागचा कुजका पाला उकरला आणि त्या उबट वासासरशी पंधरा वर्षांआधीची गोष्ट आठवली. केशोरीच्या ग्रामपंचायतीत शेतीखात्याचे साहेब मातीचे नमुने घेत होते. नमुना देईल त्यालाच धानाचं नवं बियाणं फुकट. मी विहिरीजवळच्या बांधीतली, धानाच्या खाचरातली, ओली माती टोपलीभर नेली. भुसभुशीत, पांढऱ्या बुरशीच्या धाग्यांची, आत गांडुळं वळवळणारी. साहेबांनी नाक मुरडलं. "बाबा, हे किडे काढा, माती वाळवून, चाळून आणा." मी म्हटलं, "धान तं हेच पिकवून राहिले, साहेब. यायले काढून तपासान काय, मढं?" लोक हसले. शेजारी माझा सदरा ओढत म्हणाला, "काऊन अडून राहिला बे? झटक अन् दे, बियाणं भेटन." मी टोपली उचलली. गांडुळं उन्हानं सुकू नयेत म्हणून खांद्यावरचा दुपट्टा भिजवून वर टाकला आणि माती होती तिथंच नेऊन ओतली. त्या साली घरचंच बियाणं पेरलं. मी सहीपुरता शिकलेला माणूस. पण माझ्या बांधीत जिवंत काय आहे ते मी तेव्हा कोणाच्या कागदाला विचारलं नाही, अन् आजही विचारत नाही.