टोपी ज्याच्या डोक्यावर

किस्से म्हणजे टोमॅटोचे क्रेट. एकावर एक चढत जातात, आणि तळातला ओढला की सगळे अंगावर! आमच्या आळेफाट्याच्या ट्रान्सपोर्ट हापिसातले तर लई. मी तिथं ड्रायव्हर. शाळा चौथीपत्तोर, चेष्टेत मात्र डबल ग्रॅज्युएट!

*

शेठनी दोन कॉम्प्युटर आणून वायरीनं जोडले. गाड्यांची यादी दोघांवर एकच. शोभा जुन्नरकडचे फोन घ्यायची, दिलीप आंबेगावकडचे. एके सकाळी दोघांनी एकच मोकळी गाडी उघडली. शोभानं पिंपरी पेंढारच्या बबनरावांचं नाव टाकलं. दिलीपच्या स्क्रीनवर गाडी अजून मोकळीच! त्यानं डिंभ्याच्या मासेवाल्याचं नाव टाकून सेव्ह मारलं. मागून आला तो टिकला, बबनराव गायब!

टोमॅटोच्या ढिगापाशी वाट बघून बबनराव हापिसात आले. "तुमच्या कंपुटरनं माजं नाव खाल्लं व्हय?"

मी म्हणलं, "नावच खाल्लं राव, टोमॅटो तरी सोडलं!"

शेठ हसले न्हाईत. "पुन्हा झालं, की डबे बंद. परत फळा आणि खडू!"

शोभाचा चेहरा पडला. फळ्यावर लिहायला दोन माणसं कशाला लागतात?

*

उपाय तिनंच काढला. शेठची पांढरी टोपी खुंटीवर असायची. यादीतल्या गाडीला हात लावायचा, तर आधी टोपी घालायची. मग यादी नव्यानं उघडून बघायची, लिहायचं, सेव्ह, टोपी खुंटीला!

टोपीतल्या दिलीपला मी विचारलं, "काय राव, सरपंचकीला उभं का?"

शेठ मात्र तेव्हापासून बाजारात बोडक्यानं फिरायचे.

*

एकदा दिलीप टोपीसकट मिसळ खायला गेला. फोन वाजतायत, शोभा हाताची घडी घालून.

"अगं, लिही की!" मी म्हणलं.

"टोपी त्याच्या डोक्यावर हाय, नाना."

मी हॉटेलात जाऊन भरल्या घासाला त्याच्या डोक्यावरची टोपी उचलली. तिच्यावर उडालेला तर्रीचा डाग काही निघाला न्हाई.

*

मग मीच गंमत केली. शोभानं टोपी घेतली, की मी गुपचूप दुसरी टोपी खुंटीला अडकवली. दिलीपनं ती घातली. शोभानं मान वर केली.

"दिलीप, माझ्या डोक्यावर काय हाय?"

"टोपी."

"आन तुझ्या?"

दोघांचे हात कीबोर्डवरून वर, पोलिसांनी धरल्यागत! मला शिव्या बसल्या, पण दोघांची शिस्त बघून माझी छाती फुगली राव. एक गाडी चुकली न्हाई!

*

ऐन हंगामात एकच गाडी उरलेली. शोभानं टोपी घातली, फोनवर बबनरावच. तेवढ्यात शेठ दिलीपच्या कॉम्प्युटरपुढं बसले. मेहुण्याचा कांदा न्यायचा होता.

शोभा मान न वळवता म्हणाली, "शेठ, टोपी?"

शेठनी टकलावरून हात फिरवला. तिच्या डोक्यावरची स्वतःचीच टोपी बघितली, डागासकट. आणि कीबोर्डवरचा हात मागं घेतला. शोभानं बबनरावांचं नाव लिहिलं, सेव्ह मारलं, टोपी खुंटीला लावली.

शेठनी मेहुण्याला फोन लावला. "पावणं, गाडी न्हाई मिळाली. टोपी शोभाच्या डोक्यावर होती."