सटवाजीची खेप

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोपाशी तीन-चारदा अगदी ओठांवर आलं होतं, आणि प्रत्येक वेळी भाजीत मीठ कमी आहे असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. तुम्ही अनोळखी आहात, म्हणून जरा सोपं जातंय. तरी एकदम सांगता येईल असं वाटत नाही — थोडा वळसा घालूनच येईन.

मी शिक्षक होतो. देवगाव फाट्यावरून आत वळलं की दोन कोसांवरचं गाव, सातवीपर्यंतची शाळा. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. वही-पेन हातात धरणारा पहिला मीच. त्यामुळं असेल, पण मला माझ्या लिहिण्याचा फार ताठा होता. त्यातही नावं देण्याचा. शाळेच्या नाटकाला नाव हवं, पिठाच्या गिरणीला हवं, कुणाच्या जुळ्या पोरींना हवं, लोक माझ्याकडं यायचे. या कामात माझा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नाही, असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचो.

सत्तरनंतरची पहिली वर्षं. आमच्या भागातल्या शिक्षकांनी मिळून मुलांसाठी दिवाळी अंक काढायचं ठरवलं. संपादक मी. अंकात एक स्वतंत्र साहसकथा हवीच, असा सगळ्यांचा आग्रह — कुठून उचललेली नको, आपली, आपण लिहिलेली. ती मी देतो म्हणालो. आणि दिली. खरं सांगू? ती मी लिहिलीच नव्हती. परभणीच्या स्टँडवर घेतलेल्या एका हिंदी मासिकातली होती. समुद्राची मी गोदावरी केली, शार्क माशाची मगर केली, बंदराच्या जागी गंगाखेडचा घाट आणला. महिन्याच्या बैठकीत वाचून दाखवली तेव्हा चांगल्या टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर प्रल्हाद उठला.

प्रल्हाद माझ्याच शाळेतला शिक्षक, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. त्याच्या आवाजात काही कुचकेपणा नव्हता. त्यानं सरळ सांगितलं, "सर, ही म्या हिंदीत वाचलीय. त्यात समुद्र होता." एवढंच बोलून तो खाली बसला. मग मागून कुणीतरी म्हणालं, "तरीच म्हणलं, घाटावर मगर कुठून आली." आणि सगळे मास्तर हसले. त्या दिवसापासून मी मगरसर झालो. पोरं पाठीमागं म्हणायची, मास्तर तोंडावर म्हणायचे. वालूरच्या बाजारात पानवाल्यानंसुद्धा मला विचारलं, मगरसर, चुना कमी लावू का जास्त?

तुम्हाला चारचौघांत असं कुणी उघडं पाडलंय का? तेही खरं बोलून? खोटा आळ असता तर मी भांडलो असतो. खऱ्याशी कसं भांडायचं? मी डूख धरून बसलो. रोज शाळेत त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचो, त्याच्या डब्यातली ठेच्याची चिमूट घ्यायचो आणि मनात म्हणायचो, येईल, तुझीही वेळ येईल.

ती फार लवकर आली. माझी कथा बाद झाल्यावर अंकात साहसकथा कोण देणार? सगळ्यांनी प्रल्हादलाच धरलं. आठ दिवसांत त्यानं लिहून आणली.

पण ती कथा नव्हतीच. त्याच्या वडिलांची, सटवाजीबाबांची, खरी हकिगत होती ती. निजामाच्या शेवटच्या वर्षातली. पूर्णेपलीकडं, जिंतूरच्याही पुढं, वऱ्हाडच्या हद्दीत निजामाशी लढणाऱ्यांचा कॅम्प होता. इकडून तिकडं चिठ्ठ्या न्यायला माणूस मिळत नव्हता. नाक्यावर अंगावरचे कपडे काढून झडती व्हायची. सटवाजीबाबांच्या माथी तेव्हा गावकीचं काम होतं — मेलेलं ढोर ओढायचं, सोलायचं. त्यांनी काय करावं? चिठ्ठी मेणकापडात बांधून ओल्या कातड्याच्या गुंडाळीत घालायची आणि ती गुंडाळी डोक्यावर घेऊन भर दुपारी नाक्यावरून चालत जायचं. वास असा, की शिपाई तोंड फिरवून लांबूनच "चल, चल" म्हणायचे. शिवायला तर कुणी येतच नव्हतं. ज्या विटाळानं गावानं त्यांना वेशीबाहेर ठेवलं, तोच त्यांनी गावाच्या कामाला लावला. अशा अकरा खेपा केल्या. शेवटच्या खेपेला पूर्णा दुथडी भरली होती. पोटाला दोन वाळलेले भोपळे बांधून, गुंडाळी डोक्याला आवळून ते पार झाले.

छप्पन्न साली दीक्षा घेतल्यावर त्या घरानं कातड्याचं काम सोडलं, ते कायमचं. तरी प्रल्हादनं त्यातलं काही झाकलं नव्हतं. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. हे सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मला त्याचं मोल कळलं नव्हतं.

पहिल्या पानावर वरची जागा कोरी होती. "नाव तुमीच द्या सर," तो म्हणाला. "माझ्याच्यानं होईना. बापाच्या कामाला पोरानं काय नाव द्यावं?" त्याच्या मनात काही नव्हतं हो. जगात माझं हसं करून तो विसरूनही गेला होता. मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर याचाच.

योग्य नाव मला वाचतानाच सुचलं होतं. सटवाजीची खेप. त्यात माणूस आहे, त्याचं काम आहे, आणखी काय हवं? मी ते पेन्सिलीनं लिहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खोडरबर घेतलं. तू माझी कथा खोटी ठरवलीस ना? मग आता तुझं खरं कसं राहतं बघू — हेच शब्द होते माझ्या मनात, एकही बदलून सांगत नाही. पुसलेल्या जागी मी शाईनं लिहिलं, 'जादूचं कातडं'. आणि त्याखाली, 'एक कल्पित साहसकथा'.

परभणीच्या छापखान्यात कंपोझिटरनं विचारलं, "गुरुजी, खालची ओळ बारीक टाइपात घेऊ ना?" मी म्हणालो, नाही, ठळक.

अंक हातात पडल्यावर प्रल्हाद त्या ओळीपाशी अडखळला. कल्पित कशाला, असं त्यानं विचारलं. साहसकथा म्हटली की तसं लिहायचा प्रघातच आहे, असं मी ठोकून दिलं. संपादकाला जास्त कळतं, असं समजून त्यानं मान हलवली. घरी जाताना त्यानं वडिलांसाठी दोन अंक जास्तीचे मागून घेतले.

एवढ्यावर थांबलं असतं तर एक पोरकट खोडी म्हणून मी ती विसरलो असतो. पण पुढं स्वातंत्र्यसैनिकांच्या याद्या व्हायला लागल्या. आमच्या गावात दोघांची नावं लागली. झेंडावंदनाला त्या दोघांना पहिल्या रांगेत लाकडी खुर्च्या मिळायच्या, बाकी गाव उभं. त्या दोघांतले एक तर लढ्याच्या वर्षात सासुरवाडीला मुक्काम ठोकून होते, हे सगळ्या गावाला ठाऊक. पण त्यांच्यासाठी साक्षीच्या सह्या करणारे होते. सटवाजीबाबांसाठी कुणी उरलं नव्हतं. कॅम्पवरचे एक वारले होते, दुसऱ्यांनी आठवत नाही म्हणून कळवलं. बाबा कधी पकडलेच गेले नाहीत, त्यामुळं तुरुंगाचा कागद नाही. छापील असं एकच होतं, आमचा अंक. अर्जाला तोच जोडला. अर्ज द्यायला निघताना बाबा मला म्हणाले, "पैका न्हाई मिळाला तरी चालंल, गुरुजी. एक डाव त्या खुर्चीवर बसावं वाटायलंय."

चौकशीला एक गृहस्थ शाळेत आले. बाबा धुतलेला पटका बांधून बाहेर लिंबाखाली बसले होते. प्रल्हाद वर्गात होता. गृहस्थांनी अंक उघडला, त्या पानावर बोट ठेवलं आणि मला म्हणाले, "गुरुजी, संपादक तुम्ही. म्हातारा खरं बोलतोय असं मला वाटायलंय. पण इथं कल्पित छापलंय. हे काय ते तुम्हीच सांगा, मी तसं लिहून घेतो."

आता आलो मी तिथं. एवढा वळसा घातला तो या जागेसाठी. नाव दिलं तेव्हा या अर्जाचं मला काही माहीत नव्हतं, असं म्हणता येईल. पण आता माहीत होतं. माणूस समोर बसून विचारत होता, लिहून घ्यायला तयार होता. ती ओळ मी घातलीय, चुकून पडलीय, काहीही म्हणालो असतो तर झालं असतं. शेजारच्या वर्गातून प्रल्हादचा शिकवतानाचा आवाज येत होता — तोच, सरळ, न अडखळणारा. मला ती बैठक आठवली, ते हसणं आठवलं, पानवाला आठवला. आणि मी म्हणालो, "कथाच आहे साहेब. चांगली रचलीय पोरानं."

त्यांनी लिहून घेतलं. मला वाईट वाटलं असेल असं समजू नका. मला बरं वाटलं. त्या संध्याकाळी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. अर्ज फेटाळल्याचा कागद आला तेव्हा प्रल्हाद माझ्यापाशी येऊन म्हणाला, "चूक माझीच, सर. नाव म्याच द्यायला पाहिजे होतं." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सांत्वनासाठी नाही, तो खांदा किती खाली गेलाय ते हाताला कळावं म्हणून. आणि मनात म्हणालो, फिटलं. मग आम्ही दोघं तासाला गेलो.

त्यानंतर दर झेंडावंदनाला सटवाजीबाबा भिंतीकडेला उभे राहायचे. पोरांच्या रांगांमागं, काठी टेकून. मी पुढं उभा राहून घोषणा द्यायचो. त्यांच्याकडं बघायचं टाळायचो म्हणालो तर तेही खोटं होईल, मी बघायचो.

पाच-सहा वर्षांनी असंच झेंडावंदन उरकलं, खाऊ वाटून झाला. प्रल्हादची धाकटी लेक तेव्हा चौथीत, माझ्याच वर्गात. तिच्या हाती शाळेतला तो जुना अंक लागला होता. आजोबांचा हात धरून ती विचारत होती, "आबा, तुमीच नेलती ना चिठ्ठी कातड्यात? मग तुमाला खुर्ची का न्हाई?" मी दोन पावलांवर उभा होतो. म्हाताऱ्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, "न्हाई गं बाय. ती गोष्ट हाय. तुज्या बापानं रचलेली. गुरुजीला इचार."

ते चिडून नव्हते बोलले, टोमणाही नव्हता. त्यांना तसंच वाटायला लागलं असावं. पोरीनं माझ्याकडं पाहिलं.

प्रल्हादवरचा माझा राग तोवर केव्हाच संपला होता. मला मगरसर म्हणणारंही कुणी उरलं नव्हतं. समोर एक चौथीतली पोर, आणि तिला एक शब्द हवा होता. मी मान डोलावली. म्हणालो, हो, गोष्टच आहे ती.

तिनं आजोबांचा हात सोडला आणि मैत्रिणींकडं पळून गेली.