तुकडे करू नका

घशाच्या ऑपरेशनात वडिलांचा आवाज गेला आणि ते पाटीवर लिहून बोलू लागले. आईला वाचता येत नाही, घरात फोन बटणांचा. ते दोघं नेकनूरला, मी पुण्यात. शेजारी वाचून दाखवायला तयार होते, पण घरातलं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून जावं हे वडिलांना पसंत नव्हतं. म्हणून पाटी मला पुण्यातून वाचून आईला सांगता यावी यासाठी मी त्यांच्या खाटेसमोर कॅमेरा, एक छोटा संगणक आणि सिमकार्डावर चालणारा इंटरनेटचा डबा बसवून दिला. प्रोग्राम मी स्वतः लिहिला. पोटापाण्यासाठी हेच करतो, मग दुसऱ्याचं कशाला वापरायचं, हा माज.

बसवला त्या दिवशी शेजारच्या खोलीतून तपासलं, झकास चाललं. पुण्यात आल्यावर मात्र आईचा आवाज स्वच्छ यायचा आणि चित्राच्या जागी नुसती काळी चौकट.

"दिसायलं का रं? पाटी धरून बसलेत कवाचे," आई म्हणायची.

मी सगळं खापर गावाच्या रेंजवर फोडलं. डबा खिडकीत ठेव, वायर काढून परत लाव, असं तिला सांगत राहिलो. गुडघे दुखत असताना ती बिचारी सगळं करायची. गावी येतोस का, असं ती रोज विचारायची. एवढं नीट झालं की येतो, असं मी रोज म्हणायचो. माझे तीन रविवार त्या प्रोग्राममध्ये गेले.

वडील एका सकाळी गेले. मी पोहोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

दहावा झाल्यावर मी खाटेजवळचा तो संगणक उघडला. दोष दहा मिनिटांत सापडला. इंटरनेटवरून काहीही जातं ते पॅकेटांमधून. आवाजाची पॅकेटं लहान, ती निघून जात होती. चित्राची मोठी. वाटेत एके ठिकाणी एवढी मोठी पॅकेटं चालत नव्हती, आणि त्यांच्यावर 'तुकडे करू नका' असा शेरा मीच मारून ठेवला होता. अशा वेळी तिथला राउटर पॅकेट टाकून देतो आणि मागे निरोप धाडतो, की हे मोठं आहे, लहान करून पाठव. ते निरोप आमच्या घरापर्यंत रोज येत होते. बाहेरचं काही आत नको म्हणून मी घातलेली फायरवॉल ते दारातच अडवत होती. त्याची नोंद संगणकात पहिल्या दिवसापासून होती, मी बघितलीच नव्हती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो हा.

मी निरोपांना वाट दिली, पॅकेटं लहान केली. पुण्यातल्या मित्राला माझ्या खोलीवरचा स्क्रीन बघायला सांगितलं. एक खाट दिसतेय, म्हणाला. मला स्वतःची इतकी चीड आली की तो डबा भिंतीवर आपटावासा वाटला.

तेवढ्यात आईने पेटीतून पाटी काढून माझ्यासमोर धरली.

"ही पुसली न्हाई मी. तुला दावायची म्हनून ठिवली. काय लिवलंय रं?"

खडूची अक्षरं वाकडी झाली होती, पण लागत होती. चित्र नाही आलं तरी चालेल. तू ये.

मी आईला ते वाचून दाखवलं.

"मी बी तेच म्हनत हुते की," ती म्हणाली.