मंगळवारचा तिसरा तास

शाळेत त्यांना सगळे तासबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडायचंही. अकरा वर्षं त्या पर्यवेक्षिका होत्या. सगळ्यांच्या आधी येऊन स्टाफरूमच्या भिंतीवरच्या मोठ्या तक्त्यासमोर उभं राहायचं, कोण रजेवर आहे ते बघायचं, कुणाचा तास मोकळा आहे ते बोटाने शोधायचं आणि त्याच्या नावाची चिठ्ठी फाडायची. बदली तासाची ती चिठ्ठी हातात पडली की लोकांच्या कपाळाला आठ्या पडत, पण नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

"अकरा वर्षांत माझ्या शाळेतला एक वर्ग शिक्षकाविना राहिलेला नाही," असं त्या घरीदारी सांगत.

"शाळा तुझी कधीपासून झाली?" नवरा विचारायचा. त्यावर त्या त्याला आंघोळीला पिटाळत, कारण घरातल्या बाथरूमचं वेळापत्रकही त्यांनीच लावलेलं होतं आणि त्याची वेळ टळत आलेली असायची.

यंदा मात्र तक्ता पार ताणला गेला. वर्ष सुरू झाल्यापासून चार शिक्षक सोडून गेले. त्यातल्या दोघांनी तर शिकवणंच सोडलं. नव्या माणसांची परवानगी वरून येईना. उरलेल्यांचे मोकळे तास तासबाईंनी पिळून काढले, आणि मग त्यांचं बोट तक्त्याच्या तळाशी गेलं. तिथे समुपदेशकाची ओळ होती. मुलांच्या मनातलं ऐकून घ्यायला गेल्या वर्षी नेमलेली, जेमतेम तिशीची मुलगी. तिच्याकडे मुलं ठरवून, एकेकटी जात. तक्त्यावर त्याची नोंद करायची पद्धतच नव्हती, त्यामुळे तिची ओळ कोरी होती.

कोरा चौकोन म्हणजे मोकळा माणूस, हे तासबाईंच्या हाडीमासी खिळलेलं. सुरुवातीला आठवड्याला एक चिठ्ठी गेली, पुढे रोज दोन. ती चिठ्ठी घ्यायची, खोलीला कुलूप लावायची आणि भूगोल नाहीतर हस्तकला सांभाळायला जायची. एकदा म्हणाली, "बाई, मंगळवारचा तिसरा तेवढा सोडाल का?" तासबाई म्हणाल्या, "बघते हं." आणि त्या मंगळवारी खरंच तीन जण रजेवर निघाले.

त्या दिवशी तिसऱ्या तासाला फेरी मारताना त्यांना नववीतली एक मुलगी समुपदेशकाच्या कुलूपबंद दारासमोर जमिनीवर बसलेली दिसली.

"तास चालू आहे ना? इथे काय मांडी ठोकून बसलीस? ऊठ, वर्गात जा."

मुलगी उठली आणि गेली. तासबाई पुढच्या वर्गाकडे वळल्या.

शुक्रवारी समुपदेशक मुलीने राजीनामा दिला. महिन्याची मुदत, मग दुसरी शाळा. मुख्याध्यापकांनी तासबाईंना बोलावलं. "तुम्ही समजवा तिला. चार वर्षांत ही तिसरी. आता ही गेली तर ती जागाच रद्द करतील, असं वरून स्पष्ट कळवलंय."

ती आपल्या खोलीत कागद लावत होती. खोली कसली, दोन खुर्च्या आणि एक खिडकी.

"पगाराचं आहे का काही?" तासबाईंनी विचारलं.

"नाही हो. तिथे उलट चार पैसे कमीच आहेत." तिने हातातले कागद खाली ठेवले. "नववीतली एक मुलगी आहे. आई गेल्यापासून घरी-शाळेत कुणाशी बोलत नव्हती. चार मंगळवार माझ्यासमोर नुसती बसून होती. पाचव्या मंगळवारी बोलली. सहाव्या मंगळवारी मी सहावीला नद्या शिकवत होते. बुधवारपासून ती शाळेत आलेली नाही."

तासबाई खुर्चीवर टेकल्या. "दाराशी बसली होती. मीच उठवलं तिला."

"हो. मला शिपाईमामा म्हणाले."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तासबाईंना बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसांना गुंडाळायचं कसब त्यांच्याकडे होतं.

संध्याकाळी भाजी निवडताना त्यांनी हे सुनेला सांगितलं. सून दोन वर्षं एका शाळेत होती, मग सोडून आता कापड दुकानाचे हिशेब बघायची. घरात सगळ्यांचा समज होता की तिला मुलांची कटकट झेपली नाही.

"आई, मुलांचा मला कधीच त्रास झाला नाही," सून म्हणाली. "मी वह्या तपासायला बसले की चिठ्ठी यायची. दोन वर्षांत कुणी विचारलं नाही की तुझं काय चाललंय. पांढरं दिसलं की भरलं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस घरी?"

"तुम्हाला? तुम्ही तर चिठ्ठ्या फाडणाऱ्यांतल्या." सून हसली, पण तिने निवडलेली भाजी आपल्याकडे ओढून घेतली.

शनिवारी शाळा सुटल्यावर तासबाई नववीतल्या त्या मुलीच्या घरी गेल्या. चपलांच्या दुकानावरची दुसऱ्या मजल्यावरची जागा. मावशी सांभाळत होती. मावशी चहा ठेवायला आत गेली तेव्हा तासबाई मुलीला म्हणाल्या, "मंगळवारी मी तुला तिथून उठवलं. न विचारता. चूक माझी. या मंगळवारी दार उघडं असेल."

मुलगी पायाच्या अंगठ्याने फरशीची फट कोरत होती. तशीच खाली बघत म्हणाली, "आणि नसलं तर?"

"तर मी दाराशी बसलेली दिसेन. मग तू मला उठव."

मुलगी हसली नाही, पण तिने मान वर करून एकदा बाईंकडे पाहिलं.

सोमवारी त्यांनी समुपदेशक मुलीला समोर बसवून तिच्याकडच्या ठरलेल्या वेळा विचारल्या. नावं विचारली नाहीत. मग तिच्या ओळीतले चौकोन लाल शाईने भरले. प्रत्येकात एकच शब्द: 'वर्ग'. त्याबरोबर बदली तासांची चणचण आणखी वाढली, तेव्हा त्यांनी आपल्या नावावर चार घेतले आणि दोन मुख्याध्यापकांच्या.

गणिताचे सर तक्त्यापुढे थबकले. "बाई, साहेबांना पाचवीचं गणित? सहा वर्षांत त्यांनी खडू धरलेला नाही."

"खडू काय विसरायची गोष्ट आहे?"

"खडू नाही, अपूर्णांक."

मंगळवारी चौघं रजेवर होती. तासबाई स्वतः सहावीत भूगोलावर होत्या, मुख्याध्यापक पाचवीत. तरीही तिसऱ्या तासाला सातवीचा वर्ग उरला. उरला तो उरला. त्यांनी वर्गप्रमुखाच्या हातात धड्याचं पुस्तक दिलं आणि दार लावून घेतलं. दहा मिनिटांत सातवीचा गोंगाट जिन्यापर्यंत पोचला. मुख्याध्यापक घाम पुसत सहावीच्या दाराशी आले.

"बाई, सातवीला कुणी नाही?"

"नाही."

"मग समुपदेशक मॅडमना पाठवा की. त्या तर बसल्याच आहेत."

"बसलेल्या नाहीत, सर. तास घेतायत."

"किती मुलं आहेत आत?"

"एक."

मुख्याध्यापकांनी पुन्हा घाम पुसला. सातवीतून बाक सरकल्याचा आवाज आला. "एका मुलीसाठी चाळीस वाऱ्यावर?"

"चाळीस दंगा करतायत म्हणजे धडधाकट आहेत," तासबाई म्हणाल्या. "अकरा वर्षांत पहिल्यांदाच एक वर्ग रिकामा राहिलाय. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा. मी लिहून देते."

मुख्याध्यापकांनी बंद खोलीच्या दिशेने पाहिलं, मग सातवीकडे. "राहू दे. पाचवीला उदाहरण घालून आलोय, तोवर सातवीत उभा राहतो," असं पुटपुटत ते गेले.

मधल्या सुट्टीत समुपदेशक मुलगी स्टाफरूममध्ये आली. हातात पाण्याची बाटली, डोळे जरा लाल. तक्त्यासमोर उभी राहून तिने आपली ओळ शेवटपर्यंत वाचली. तासबाई वह्यांच्या गठ्ठ्यात डोकं घालून होत्या. विचारायचं नाही असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं.

"बाई, पुढच्या सत्राचा तक्ता कधी लावता?"

"हे सत्र संपलं की. का गं?"

"बुधवारचा पाचवाही लाल करून ठेवा. आठवीतल्या दोघी विचारून गेल्यात." ती थांबली. "आणि सरांकडचा माझा तो कागद मी संध्याकाळी परत घेते."

तासबाईंनी लाल पेन शोधलं. "अडगळीच्या खोलीची किल्लीही मागून घे त्यांच्याकडून," त्या म्हणाल्या. "तुझ्या खोलीत तिसरी खुर्ची लागेल."