दोन पायांची होडी

नगर जिल्ह्यात शिडाची होडी बांधतेय म्हटलं की लोक माझ्याकडे असं बघायचे, जणू उन्हाचा तडाखा बसलाय. पण मी बांधलीच! सुप्याच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, गावाकडच्या रिकाम्या गोठ्यात. आमचं रान जायकवाडी धरणाच्या फुगवट्याला लागून. पाणी दाराशी असताना गप्प बसायचं म्हणजे काय?

आराखडा जुना, विलायती. आत दोघं झोपतील एवढी बुटकी खोली, चहापुरता स्टोव्ह, एकच डोलकाठी. खरी गंमत पोटाखाली. अशा बहुतेक होड्यांना मधोमध एकच खोल पातं असतं. हिला दोन बाजूंना दोन लोखंडी पाय. त्यानं वेग जरा कमी होतो, पण पाणी उतरलं तरी ही आडवी होत नाही म्हणे. ‘म्हणे’च, कारण मी तरी कुठे पाहिलं होतं!

मला एकच ध्यास होता, दादांना, म्हणजे वडिलांना, तिच्यात बसवायचं. बैलजोडी विकल्यापासून ते ओट्यावरून हलेनात, गोठ्याकडे तर फिरकतही नसत. किती विनवण्या केल्या, पण पाण्यावरच्या वस्तूचा भरवसा नाही, हे त्यांचं पालुपद.

होडी पाण्यात उतरवली, काठाशी नांगरून मी सुप्याला गेले आणि इकडे धरणातून कालव्यांना पाणी सोडलं, फुगवटा मागे हटला. दरवर्षी सोडतात, गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि नेमकी मीच विसरले. होडी चिखलात अडकली, असा दादांचा फोन आला. पुढचं ऐकायलाही मी थांबले नाही. रस्ताभर जीव टांगणीला. आडवी पडली असेल तर दादा जन्मात तिच्यात पाय ठेवणार नाहीत.

पोचले तर काय, बाईसाहेब चिखलात ताठ उभ्या! मी तिथेच उड्या मारल्या, साडीचं वाटोळं झालं.

दादा तिच्याभोवती फिरत होते. घोडेगावच्या बाजारात बैल पारखायचे तसेच. आधी लांबून बघितलं, मग मागून, मग वाकून दोन्ही पायांवर हात फिरवला. खांद्यानं रेटा दिला. होडी तसूभर हलली नाही.

“पाय चांगले हायेत,” ते म्हणाले.

मग चपला काढल्या, धोतर खोचलं आणि कडेला धरून वर चढले. मी खाली तशीच उभी. हसू की रडू, कळेना. दादा सुकाणूपाशी ऐसपैस बसले, पार लांब गेलेल्या पाण्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “पोरी, पानी परत कदी येतंय?”