नऊ सालची रेघ

मुकुटबनच्या जंगलात तीस वर्षं वनमजुरी केलेल्या उकंडा आत्रामला त्या उन्हाळ्यात घरी बसवत नव्हतं. जेवताना मध्येच उठायचा, अंगणात जाऊन यायचा. बायको कांताबाई एकदा चिडलीच, "काहून फिरून राह्यले जी? अंगात मुंग्या शिरल्या का?"

तो पुन्हा अंगणात गेला.

सुरुवात झाली होती पुण्याहून आलेल्या सुरभीमुळे. सागाच्या खोडातली वलयं मोजून कुठल्या साली पाऊस कसा होता आणि झाडानं तो कसा सोसला, याचा ती अभ्यास करत होती. वाट दाखवायला वनखात्यानं उकंडाला तिच्यासोबत दिलं होतं. ती पोकळ गिरमिट खोडात फिरवायची आणि पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी अलगद बाहेर काढायची. पहिल्या झाडाला भोक पाडलं तेव्हा उकंडाचा जीव वरखाली झाला.

"मरन नाही ना म्याडम हे?"

"नाही उकंडाभाऊ. जखम भरून काढतं झाड." मग तिनं कांडीवर बोट ठेवलं. "ही एकेक रेघ म्हणजे एकेक वर्ष. पाऊस चांगला, तर रेघ रुंद. पाऊस दगा देतो तेव्हा बारीक."

दुसऱ्या दिवशी ते दोन हजार एक साली लावलेल्या रोपवनात पोचले. तिथं उकंडा थांबला. त्यानं हळूच विचारलं, "नऊ सालची रेघ सांगता येते का यातली?"

"अंदाजानं आत्ताही सांगता येईल. पण नक्की सांगायचं तर बाकीच्या झाडांशी जुळवून पाहावं लागेल. तीन महिने तरी लागतील."

दोन हजार नऊ साली या रोपवनाची मोजणी झाली होती. झाडांची गोलाई वाढली नव्हती, शेंडे वाळले होते. वनखात्याच्या तेव्हाच्या साहेबांनी उकंडाला उभं करून विचारलं होतं, "तुझं दुर्लक्ष की कोणाची जनावरं?" कामावरून काढतील या भीतीनं उकंडानं जवळच्या तांड्यावरच्या धावजी राठोडचं नाव घेतलं. धावजीच्या गायी आत शिरल्या, त्यांनी कोंब मोडले, असं सांगून कागदावर अंगठा दिला. गायी कोंडवाड्यात गेल्या. चराई बंद झाली, तसा धावजीनं कळप विकला आणि घाटंजीकडं लेकीच्या तांड्यावर निघून गेला.

तीन महिन्यांत उकंडानं सुरभीला अकरा वेळा फोन केला. शेवटी तिचाच आला.

"उकंडाभाऊ, नऊ सालची रेघ सगळ्याच झाडांत बारीक आहे. वरच्या डोंगरावरच्या शंभर वर्षांच्या सागांतसुद्धा."

"तिथं त कधी जनावर चढत नाही."

"म्हणूनच. रोपवनात गायी गेल्या होत्या की नव्हत्या, हे काही लाकूड सांगणार नाही. पण वाढ खुंटली ती पाऊस न पडल्यानं."

गायी गेल्या नव्हत्या, हे उकंडाला लाकडानं सांगायची गरज नव्हती. तरी त्या रात्री त्याला धड झोप आली नाही. सकाळी त्यानं कांताबाईला पंधरा वर्षांत पहिल्यांदा सगळं सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "मंग इथं कायले बसले?"

पांढरकवड्याला बस बदलून तो घाटंजीच्या बाजारात उतरला. विचारत विचारत गेला. धावजी दोऱ्या विकत बसला होता. डोळ्यांवर जाड चष्मा आला होता, पण त्यानं उकंडाला लगेच ओळखलं.

"काहून आला?"

उकंडानं उभ्या उभ्याच सांगितलं, गिरमिट, कांडी, डोंगरावरचे साग, सगळं. धावजीनं हातातली दोरी खाली ठेवली.

"पाऊस पडला नव्हता, हे समजून घ्याले झाडाले भोक पाडा लागलं तुले?"

"नाई. मले तवाच मालूम होतं. तुया गायी आत आल्या नव्हत्या. म्या खोटं बोललो."

"मले एकट्याले कायले सांगतं? तांड्यावर चाल. माया लोकाईनं पंधरा वर्षं ऐकलं का धावजीच्या गायीनं जंगल मोडलं. त्याईच्या समोर सांग."

 उकंडा त्याच्यामागं गेला. लिंबाखाली तांड्याचे नायक बसले, बाया-माणसं जमली. उकंडा तीनदा अडखळला. धावजीची लेक दारात उभी राहून ऐकत होती. तिनं एकदाही नजर हलवली नाही.  बोलून झाल्यावर नायकांनी नुसती मान हलवली. कोणीतरी पाण्याचा गडवा पुढं केला, तो उकंडानं रिकामा केला.

परतीच्या बसपर्यंत धावजी सोबत आला. माफ केलं, असं तो म्हणाला नाही. उकंडानंही माफी मागितली नाही. बस दिसली तेव्हा धावजीनं विचारलं, "मंग पुढच्या साली वाढले का ते झाडं?"

"म्याडम म्हने, दहा साली पाऊस लय पडला, तरी रेघ बारीकच. झाडाले सावराले साल लागलं. अकरापासून वाढले."

"वाढले नं?"

"वाढले. माया दोन वितीत मावत नाई आता एकेक."

धावजीनं मान डोलावली आणि आपल्या दोऱ्यांकडं निघून गेला. उकंडाला खिडकीजवळ जागा मिळाली. तरी त्याला बसवलं नाही; पांढरकवड्यापर्यंत तो उभाच राहिला.